तोंड आवळणारी वाइन

एक पांढरा कप घ्या. रेड वाइनचा घोट तोंडात घेऊन, चूळ भरतो तसा दहा-पंधरा सेकंद घोळवा आणि गिळण्याऐवजी कपात थुंका. पाहायला फारसं शोभेचं नाही, पण वाकून नीट पाहा. आत गेलेली वाइन नितळ होती. बाहेर आलेली गढूळ आहे, आणि तिच्यात जांभळट तंतू आणि बारीक गुठळ्या तरंगताहेत. हा गाळ बाटलीतला नव्हे, तो तुमच्या तोंडात तयार झाला. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं, तशी तुमची लाळ फाटली आहे.

हलक्या रेड वाइनच्या बाबतीत हे कपात पाहूनच पटतं. मादिराँच्या बाबतीत कपाची गरज पडत नाही. दुसऱ्या घोटालाच गाल आतून ओढल्यासारखे होतात, वरचा ओठ दातांवर अडकतो, आणि जीभ टाळूला लावली तर ती घसरत नाही, खरखरते.

मादिराँ हा नैर्ऋत्य फ्रान्समधला, गॅस्कनीतला वाइनचा टापू. दक्षिणेला पिरेनीजचे डोंगर, जवळून वाहणारी अदूर नदी, आणि उत्तरेला बोर्दो, ज्याच्या सावलीत इथल्या वाइन कायम झाकोळून गेल्या. (नाव ऐकून मदिरा आठवते. संबंध काही नाही, पण योगायोग झकास आहे.) १९४८ पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे आणि ते फक्त रेड वाइनला लावता येतं. मुख्य द्राक्ष तानात. सोबतीला काबर्ने फ्रांक, काबर्ने सोव्हिन्यों आणि फेर नावाचं एक स्थानिक द्राक्ष. फ्रान्समध्ये दहा युरोंच्या आत मादिराँची बरी बाटली मिळते. वाइनची चव म्हणजे नेमकं काय, हे शिकायला याहून स्वस्त शिकवणी मला माहीत नाही. कारण तानात या द्राक्षात टॅनिन, म्हणजे साली-बियांतलं एक द्रव्य, इतकं ठासून भरलेलं असतं की बाकी वाइनमध्ये कुजबुजणारी गोष्ट इथे ओरडून सांगितली जाते.

ती गोष्ट म्हणजे तुरटपणा. मराठीत आपण तुरट हा शब्द आंबट, कडू, गोड यांच्याच रांगेत बसवतो, आणि सहा रसांच्या यादीतही तो मानाने बसलेला आहे. शरीरविज्ञान मात्र त्याला त्या रांगेतून उठवतं. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या चवींसाठी जिभेवरच्या स्वादकलिकांत खास पेशी आहेत. तुरटपणा गालांच्या आतल्या बाजूला आणि ओठांनाही जाणवतो, जिथे स्वादकलिका नसल्यातच जमा. मग तो स्पर्श मानायचा का? २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी याचा छडा लावायला एक नेमका प्रयोग केला. त्यांनी भूल देऊन आधी फक्त चवीची नस बंद केली. तुरटपणा तरीही जाणवत राहिला. त्यानंतर तोंडातल्या स्पर्शाची, वेदनेची आणि उष्णतेची खबर नेणाऱ्या नसेची फांदीही बधिर केली, तेव्हा तो गेला. मिरचीचा जाळ आणि पुदिन्याचा गारवा ज्या वाटेने मेंदूकडे जातात, तुरटपणाही त्याच वाटेने जातो. त्यामुळे वाइनवाले मखमली, खडबडीत, टोचरी असे कापडाच्या दुकानातले शब्द वापरतात तेव्हा ते नाटक करत नसतात. निदान टॅनिनबद्दल बोलताना तरी नाही.

आता लाळ का फाटते ते पाहू. लाळेत प्रोलिन या अमिनो आम्लाने भरलेली प्रथिनं असतात. प्रोलिनमुळे त्यांची साखळी घट्ट गुंडाळली न जाता लांबलचक, मोकळी राहते. टॅनिनचे रेणू या मोकळ्या साखळीला जागोजागी चिकटतात, एक टॅनिन दोन-तीन प्रथिनांना एकत्र बांधतं, गोळा जड होतो आणि खाली बसतो. तोंडाला वंगण घालणारा बुळबुळीत थर त्यात खर्ची पडतो आणि कोरड्यावर कोरडं घासायला लागतं. वंगणाचं हे कारण मोठं असलं तरी पुरतं नाही. काही टॅनिन पेशींवर थेटही परिणाम करतात, असं त्याच जर्मन प्रयोगांतून दिसलं. दोन्हींचा वाटा किती, यावर वाद चालू आहे.

टॅनिन या शब्दाचा जन्म चांभारकामात झाला. कच्चं कातडं ओकच्या सालीच्या पाण्यात मुरवलं की सालीतलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना बांधून टाकतं आणि कातडं कुजत नाही. कातडं कमावणं म्हणतात ते हेच. मादिराँचा घोट घेतल्यावर तोंडात जे होतं तो त्याच रसायनाचा किरकोळ अवतार आहे. झाडांच्या दृष्टीने हा बचाव असतो. कच्चं फळ खायला येणाऱ्याचं तोंड आवळलं की तो पुन्हा येत नाही. प्राण्यांनीही यावर उतारा शोधलेला दिसतो. टॅनिन असलेला आहार उंदरांना दिला तर काही दिवसांत त्यांच्या लाळग्रंथी ही प्रोलिनवाली प्रथिनं कितीतरी पटींनी जास्त बनवू लागतात. म्हणजे ही प्रथिनं बहुधा टॅनिनला तोंडातच अडवायला ठेवलेले पहारेकरी आहेत.

द्राक्षात टॅनिन गरात नसतं, ते साली आणि बियांमध्ये असतं, आणि दोघांचा स्वभाव वेगळा. सालीतल्या टॅनिनच्या साखळ्या लांब असतात. बियांमधल्या आखूड असतात, पण त्यांच्यावर गॅलिक आम्लाचे तुकडे जास्त जडलेले असतात आणि ते जिभेला बोचतात. पांढऱ्या वाइनमध्ये रस साल-बियांपासून लगेच वेगळा करतात. रेड वाइन मात्र त्यांच्यासकट आंबवली जाते. रंग आणि टॅनिन दोन्ही तिथूनच उतरतात, आणि आंबवताना तयार होणारं अल्कोहोल बियांमधलं टॅनिन ओढून काढायला मदत करतं. तानात असलं द्राक्ष फार दिवस भिजत ठेवलं तर जे मिळतं ते पिणं कठीण. जुन्या पद्धतीची मादिराँ म्हणूनच वर्षानुवर्षं तळघरात पडून राहायची, आणि तोवर पैसा अडकून राहायचा. स्वस्त आणि लवकर पिता येण्याजोगी मादिराँ हा जवळजवळ विरोधाभास होता.

तो सोडवला पात्रिक द्युकुर्नो या तिथल्याच वाइन उत्पादकाने, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. वाइन पिंपात मुरते तेव्हा लाकडातून आणि हाताळणीतून थोडा थोडा ऑक्सिजन आत शिरतो आणि टॅनिनचा काटा मोडतो, हे जुनंच ज्ञान. द्युकुर्नोने विचारलं की मग लाकूड हवंच कशाला? त्याने स्टीलच्या टाकीच्या तळाशी सच्छिद्र सिरॅमिकचा तुकडा बसवून त्यातून ऑक्सिजनचे सूक्ष्म बुडबुडे सोडले. प्रमाण दर लिटरला महिन्याला काही मिलिग्रॅम, म्हणजे बुडबुडा वर येईपर्यंत विरघळूनच जावा इतकं. याला मायक्रोऑक्सिजनेशन म्हणतात आणि आज जगभर ते चालतं.

आत काय घडतं ते सुंदर आहे. ऑक्सिजनमुळे थोड्या अल्कोहोलचं असिटाल्डिहाइड होतं. हा चिमुकला रेणू दोन हात पसरून एका बाजूला टॅनिन आणि दुसऱ्या बाजूला द्राक्षाचं रंगद्रव्य पकडतो. असे पूल बांधले गेले की रंग टिकाऊ होतो आणि टॅनिनची धार कमी होते. नेमकी का, यावर पुस्तकांत पूर्वी ठोकून एकच उत्तर असायचं की साखळ्या लांब होऊन गाळात बसतात. आता चित्र जास्त गुंतागुंतीचं दिसतं. काही साखळ्या तुटतात, काही आतल्या आत दुमडतात, आणि दुमडलेल्या टॅनिनला प्रथिनं धरता येत नाहीत.

पैशाचा हिशेब मात्र सरळ आहे. नव्या फ्रेंच ओकच्या २२५ लिटरच्या पिंपाला सातशे-आठशे युरो सहज पडतात. एका पिंपातून ३०० बाटल्या निघतात. म्हणजे बाटलीमागे अडीच युरोंच्या आसपास खर्च नुसत्या लाकडाचा. दहा युरोंच्या आतल्या वाइनला तो झेपत नाही. त्यामुळे स्वस्त मादिराँ चाखताना व्हॅनिला, भाजकेपणा, धूर असं काही नाकात आलं नाही तर ते दारिद्र्य समजू नये. ते वास लाकडाचे असतात. ते नसले की तानातचा स्वतःचा वास उघडा पडतो: ब्लॅकबेरी, काळा आलुबुखारा, क्वचित ओली माती. मला तरी हेच जास्त आवडतं.

आवडतं असं मी म्हणतो खरा, पण इथे जपून बोललेलं बरं. २००१ मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली, आणि तीच वाइन गंधहीन लाल रंग घालूनही दिली. लाल ग्लासाचं वर्णन विद्यार्थ्यांनी रेड वाइनच्या शब्दांत केलं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात २० जणांना एमआरआय यंत्रात झोपवून नळीने वाइन पाजली आणि प्रत्येक घोटाआधी किंमत दाखवली. ९० डॉलरची वाइन एकदा ९० डॉलरची म्हणून आणि एकदा १० डॉलरची म्हणून दिली गेली. महाग म्हटल्यावर ती जास्त आवडली, आणि मेंदूचा सुखाचा हिशेब ठेवणारा भागही जास्त उजळला. लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच जास्त मजा आली. त्याच वर्षी सहा हजारांहून अधिक चाखण्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात किंमत झाकली होती. प्रशिक्षण नसलेल्यांना महाग वाइन सरासरीने किंचित कमीच आवडली होती.

टॅनिन चाखताना आणखी एक घोळ होतो, तो क्रमाचा. गोडाची सवय होते आणि ते फिकं वाटू लागतं. तुरटपणा उलट घोटागणिक चढतो, कारण नवी लाळ सुटायला वेळ लागतो आणि आधीचा थर गेलेला असतो. सहा ग्लास ओळीत चाखले तर सहावा बिचारा विनाकारण बदनाम होतो. दोन ग्लासांमध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबा, पाणी प्या, आणि क्रम उलटा करून पुन्हा चाखा. वाइन फार गार असेल तर टॅनिन आणखी कडक लागतं. १६ ते १८ अंश सेल्सियस ठीक. आणि थुंकायला लाजू नका. व्यावसायिक चाखणारे थुंकतातच, नाहीतर दुपारनंतर त्यांच्या मताला काही किंमत उरणार नाही.

गॅस्कनीतले लोक या चढत्या तुरटपणाला बदकाच्या चरबीने आवर घालतात. बदकाची तंगडी त्याच्याच चरबीत शिजवायची आणि वर मादिराँ. ही नुसती परंपरा नाही हे २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरच्या संशोधकांनी दाखवलं. चरबीदार मांस आणि तुरट पेय आलटून पालटून दिलं तर दोन्ही एकमेकांना काटतात. चरबीचा ओशटपणा पाण्यापेक्षा तुरट पेयाने चांगला उतरतो, आणि तुरटपणाही फार चढत नाही.

आरोग्याचं काय, हे कोणीतरी विचारतंच. २००६ मध्ये नेचरमध्ये आलेल्या एका शोधनिबंधात नैर्ऋत्य फ्रान्सच्या वाइनमध्ये प्रोसायनिडिन हे टॅनिनकुळातले रेणू जास्त असल्याचं आणि ते रक्तवाहिन्यांच्या पेशींवर काम करत असल्याचं म्हटलं होतं. पेशी प्रयोगशाळेतल्या होत्या, तिथल्या वाइन पिणाऱ्या माणसांच्या नव्हेत. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं सुरक्षित प्रमाण असं काही नाही. मादिराँला औषध म्हणणाऱ्याकडे हसून बघावं आणि विषय बदलावा.

राहता राहिला बाटली उघडून ठेवण्याचा प्रश्न. उघडल्यावर उरलेली अर्धी मादिराँ दुसऱ्या दिवशी मऊ लागते, असं सगळे सांगतात आणि मलाही तसंच वाटायचं. रसायन म्हणतं की एका रात्रीत वास नक्की बदलतो, टॅनिन मात्र फारसं हलत नाही. मग एकदा मी त्रिकोणी चाचणी करून पाहिली. तीन सारखे ग्लास, दोनांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वेगळा ग्लास शोधायचा. नुसता अंदाज मारला तरी तीनांत एकदा बरोबर येतो. एकीकडे कालची उघडलेली बाटली, दुसरीकडे तिचीच आज उघडलेली जुळी बहीण. ओतायला दुसरं कोणीतरी. मी नाक दाबून धरलं, म्हणजे वासाने चुगली करू नये, आणि फक्त गालांवर लक्ष ठेवलं. प्रत्येक फेरीनंतर पाणी पिऊन पाच मिनिटं थांबलो. अशा तीन फेऱ्या केल्या, आणि तिन्ही वेळा मला ठाम खात्री होती.

एकदा बरोबर आलं.