बोन्साय : कुंडीपूर्व वाढ आणि मुळांची घडण

बोन्सायच्या उथळ कुंडीत बसवण्याआधी झाड काही वर्षे जमिनीत, वाफ्यात, लाकडी खोक्यात किंवा जाळीच्या टोपलीत मोकळे वाढवून त्याचा बुंधा जाड करण्याची व मुळे बुंध्याभोवती आडवी पसरवून घेण्याची पद्धत. जपान, चीन आणि तैवानमध्ये हा रोपवाटिकांचा स्वतंत्र धंदा आहे. तेथे झाड वाढवणारा एक आणि त्याला शेवटचा आकार देऊन प्रदर्शनात मांडणारा दुसरा, असे बऱ्याचदा असते. नाव दुसऱ्याचे होते.

बोन्साय लहान कुंडीत ठेवून 'तयार होते' हा समज सर्वत्र आहे आणि तो जवळजवळ उलटा आहे. खोडाची जाडी वर पाने किती आहेत यावर ठरते. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरते आणि सालीखालचा ऊतककर (नव्या पेशी घडवणारा पातळ थर) त्यातून दरवर्षी लाकडाचा नवा थर घालतो. उथळ कुंडीत मुळांना जागा बेताची, त्यामुळे शेंड्यांची वाढ बेताची, आणि जे काही फुटते तेही छाटले जाते. परिणामी खोडाचे जाड होणे जवळपास थांबते. बोटाएवढ्या जाडीचे रोप ट्रेमध्ये लावले तर दहा वर्षांनीही ते बहुधा बोटाएवढेच दिसते, फक्त वय वाढलेले. म्हणूनच जाडी, खोडाचा पहिला बाक आणि मुळांची मांडणी ही तिन्ही कामे कुंडीच्या आधीच उरकावी लागतात. फांद्या नंतरही घडवता येतात.

मातीच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या मुळांच्या पसाऱ्याला जपानी माळी नेबारी म्हणतात. झाडाचे वय डोळ्यांना तेथेच जाणवते. चांगल्या नेबारीत मुळे एकाच पातळीवरून निघतात, चारी दिशांना जातात आणि एकही मूळ दुसऱ्याला ओलांडून जात नाही. बियांपासून आलेल्या रोपाची प्रवृत्ती मात्र वेगळी. ते आधी सोटमूळ खाली सोडते, बाजूची मुळे वाटेल त्या उंचीवर फुटतात, आणि पिशवीतले रोप असेल तर ती पिशवीच्या कडेने गोल गोल फिरतात. हा गुंता पहिल्या एकदोन वर्षांत सोडवला नाही, तर ती मुळे जाड होऊन बुंध्यालाच आवळतात. पुढे त्यांना करवतीशिवाय इलाज नसतो.

जपानी काळ्या पाइनच्या, म्हणजे कुरोमात्सुच्या बाबतीत हे काम झाड काही आठवड्यांचे असतानाच सुरू होते. बी पाण्यात भिजवून तरंगणारे काढून टाकतात, उरलेले वसंतात पेरतात. बीजपत्रांचा झुबका उलगडला आणि कोवळा दांडा थोडा घट्ट झाला, की रोप उपटून धारदार पात्याने दांडा बीजपत्रांच्या खाली एकदोन सेंटिमीटरवर आडवा कापतात. सगळे मूळ जाते. उरलेला तुरा मुळे फोडणाऱ्या संप्रेरकात बुडवून ओल्या जाड वाळूत खोचतात आणि सावलीत, दमट हवेत ठेवतात. काही रोपे मरतात. जी जगतात त्यांच्या कापाच्या कडेने नवी मुळे वर्तुळात फुटतात आणि सोटमूळ उरतच नाही. काप सरळ आडवा असणे महत्त्वाचे, कारण तिरक्या कापाच्या एकाच बाजूला मुळे येण्याची शक्यता असते.

मेपलच्या जातींत सवड जास्त आहे. त्रिदंती मेपलची मुळे एकमेकांना चिकटून जाड होतात, त्यामुळे त्याचा बुंधा पुढे जमिनीवर सांडलेल्या मेणासारखा पसरट दिसू शकतो. त्यासाठी रोपाची खाली जाणारी सगळी मुळे कापून ते लाकडी फळीवर स्क्रूने खालून पक्के करतात. मग बाजूची मुळे हाताने विंचरून, त्यांच्या दोन्ही अंगांना छोटे खिळे ठोकून, घड्याळाच्या काट्यांसारखी वेगवेगळ्या दिशांना वळवतात आणि फळीसकट रोप मातीत पुरतात. दोनतीन वर्षांनी पानगळीच्या शेवटी, कळ्या फुगायच्या आत, ते उकरून जाड झालेली मुळे आखूड करतात व बारीक मुळांना वाव देतात. फळी नसेल तर सपाट फरशीवरही भागते. हेतू एवढाच, की मुळांना खाली जाता येऊ नये.

शिकोकू बेटावरील ताकामात्सु शहराचे किनाशी आणि कोकुबुंजी हे भाग या शेतीसाठी प्रसिद्ध आहेत. जपानमधील पाइन बोन्सायपैकी सुमारे 80 टक्के येथून येतात असे सांगितले जाते. येथील जमीन पाण्याचा निचरा होणारी आहे आणि सेतो अंतर्गत समुद्राच्या काठची हवा कोरडी व उबदार. पाइनची रोपे येथे भाजीच्या पिकासारखी सरींत उभी असतात. रोप लवचीक असतानाच त्याला तार गुंडाळून बाक देतात, मग वाढू देतात. ठरावीक वर्षांनी ते उकरून मुळे छाटणे हा येथील मशागतीचाच भाग आहे. न उकरता बरीच वर्षे ठेवलेल्या झाडाची बारीक मुळे बुंध्यापासून दूर गेलेली असतात आणि उपटताना तीच तुटतात. मोठे झाड काढायचे असेल तर वर्षभर आधी त्याच्याभोवती चर खणून काही मुळे कापतात, म्हणजे बुंध्याजवळ नवी मुळे फुटतात. पाइनच्या मुळांवरची पांढरी बुरशी उपकारक असते. त्यामुळे पाइनची सगळी माती एकदम धुऊन काढत नाहीत. यंदा अर्धी बाजू, पुढच्या खेपेस उरलेली.

बुंधा लवकर जाड करण्यासाठी एखादी खालची फांदी मुद्दाम सोडून देतात आणि ती काही मीटर उंच झाली तरी हात लावत नाहीत. फांदीच्या खालचा भाग तिच्यामुळे झपाट्याने फुगतो. काम झाल्यावर फांदी कापून टाकतात. तिचा व्रण झाडाच्या मागच्या बाजूस येईल, हे आधीच ठरवलेले असावे लागते आणि नवशिक्याकडून नेमके तेच राहून जाते. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंगच्या लिंगनान परंपरेत तारेऐवजी वाढू देणे व कापणे यावरच भर आहे. शेंडा हवा तितका जाड झाला की छाटायचा, बाजूचा नवा कोंब पुढे काढायचा, तो जाड झाला की पुन्हा छाटायचा. अशाने खोड खाली जाड, वर निमुळते आणि कोनात वळलेले होते.

जमीन नसेल त्यांच्यासाठी चाळणीसारखी प्लास्टिकची टोपली हा चांगला पर्याय. मुळाचे टोक भोकातून हवेत येते, वाळते आणि मागे बारीक फुटवे देते. मुळे गोल फिरत नाहीत. एक टोपली भरली की तीच मोठ्या टोपलीत बसवून भोवती माती भरतात. जमिनीइतकी वाढ मात्र मिळत नाही.

मुळे एका बाजूला नसतील तर तेथे त्याच जातीचे कोवळे रोप भेट कलमाने, म्हणजे दोघांची साल खरवडून एकमेकांना बांधून, जोडतात. सगळीच बिघडली असतील तर बुंध्यावर हव्या त्या उंचीला सालीचे वलय काढून ओले शेवाळ बांधतात, म्हणजे गुटी कलम करतात, आणि नवी मुळे आल्यावर जुना तळ कापून टाकतात. मेपल व वडवर्गीय झाडे याला सहज तयार होतात. पाइन अतिशय कुरकुर करतात.

कुंडीकडचे संक्रमण एका उडीत होत नाही. जमिनीतून काढलेले झाड आधी खोल मातीच्या कुंडीत किंवा खोक्यात जाते आणि पुढच्या प्रत्येक पुनर्लागवडीत खोली कमी होत जाते. या टप्प्यावर जपानात आकादामा ही दाणेदार माती वापरतात, सात्सुकी अझेलिया या फुलझाडासाठी तोचिगी प्रांतातील कानुमा माती.

महाराष्ट्रात या कामाला वड, पिंपळ, उंबर आणि नांद्रुक ही झाडे सोयीची पडतात. ती उकरण्याचा हंगाम जपानच्या उलट, पावसाच्या सुरुवातीचा. उबदार दमट हवेत छाटलेल्या मुळांना लवकर नवे फुटवे येतात. काळी माती मात्र टाळलेली बरी. ती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांत बारीक मुळे तुटतात. विटांचे चाळलेले तुकडे, जाड वाळू व थोडे कुजलेले पानखत यांचे मिश्रण चालते. जुन्या वाड्यांच्या भिंतींतून काढलेल्या पिंपळांना भिंतीच्या फटीने मुळे आयतीच चपटी करून दिलेली असतात, पण ती बहुतेक एकाच प्रतलात असतात. म्हणून असे झाड आधी सपाट फरशीवर वाफ्यात लावून मागच्या-पुढच्या बाजूला नवी मुळे मिळवावी लागतात. रोपवाटिकांत 'फायकस बोन्साय' म्हणून मिळणाऱ्या, मुळ्यासारख्या फुगीर मुळांच्या झाडांना ही घडण लागू होत नाही. ती बियांपासून जमिनीत वाढवून, फुगलेली मुळे वर उघडी करून, त्यांवर दुसऱ्या जातीच्या पानांचे कलम केलेली असतात. मोठ्या प्रमाणावर ती चीनच्या फुजियान प्रांतात तयार होतात.