डोंगरीच्या रिमांड होमपासून 'दस नौ आठ'पर्यंत

मुंबईत मुलांच्या प्रश्नाकडे सरकारी यंत्रणेने प्रथम पाहिले ते बंदोबस्ताच्या नजरेने. १९२४ मध्ये मुंबई इलाख्यात बालक कायदा झाला, १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाची वास्तू पुढे मुलांच्या निवासाला देण्यात आली. लोकांच्या तोंडी ते आजही 'डोंगरीचे रिमांड होम'च आहे.

मूल घर, गल्ली आणि आईबापांचे काम यांच्यासकट समजून घ्यायला हवे, हा विचार वस्त्यांमध्ये काम करणाऱ्यांनी रुजवला. १९७२ पासून मोबाइल क्रेश या संस्थेने बांधकामाच्या साइटवरच पाळणाघरे चालवली, कारण इमारत पूर्ण झाली की मजुरांचे बिऱ्हाड हलायचे आणि मुलाची शाळा सुटायची. कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीत १९८६ पासून काम करणाऱ्या 'प्रेरणा' संस्थेने १९८८ मध्ये रात्रीचे केंद्र सुरू केले. आईच्या धंद्याची वेळ आणि लेकराच्या झोपेची वेळ एकच असल्याने खाटेखाली किंवा रस्त्यावर रात्र काढणाऱ्या मुलाला तेथे जेवण, अंथरूण आणि अभ्यासाला दिवा मिळू लागला. कायद्याच्या कोणत्याही कलमात न सापडणारी ही गरज होती. ती ओळखायला संध्याकाळी त्या गल्लीत उभे राहावे लागले.

भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारल्यावर 'हक्क' हा शब्द कागदोपत्री रूढ झाला. त्यानंतर लवकरच 'प्रथम' या संस्थेने वस्तीतल्याच तरुणींना हाताशी धरून घराच्या ओट्यावर, देवळात, मिळेल त्या खोलीत बालवाड्या भरवल्या. १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या क्षेत्रीय प्रकल्पातून १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन मुंबईत उभी राहिली. स्टेशनांवर राहणाऱ्या मुलांच्या मध्यरात्रीच्या अडचणी ऐकताना समाजकार्यकर्त्या जेरू बिलिमोरिया यांना तिची निकड जाणवली होती. मुलांच्या जिभेवर तो क्रमांक 'दस नौ आठ' असा बसला आणि फुटपाथवर वाढलेली काही मुले पुढे त्याच कामात सहकारी झाली.

२००९ च्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेने प्रभागपातळीवरील समित्यांना अधिकृत जागा दिली. मात्र बैठकीत वस्तीतल्या बायका नसतील, तर कोणत्या खोलीतले मूल चार दिवस दिसले नाही हे समितीला सांगणार कोण? २०२३ पासून १०९८ चे काम टप्प्याटप्प्याने सरकारकडे जाऊन ते ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडले गेले. क्रमांक तोच आहे, फोन मात्र आता शासकीय कक्षात वाजतो.