नाव, गड्डा आणि छायाचित्र: आयरिसच्या ऑनलाइन नोंदींची पार्श्वभूमी

आयरिस या फुलझाडाच्या प्रत्येक वाणाला नाव द्यायचे आणि सूचीपत्र छापून ते विकायचे, ही रीत पॅरिसच्या आसपासच्या रोपवाटिकांत १८४० च्या सुमारास रुजली. त्या पिढीतले काही वाण आजही बागांत फुलतात. पांढऱ्या पाकळीच्या कडेला निळी शिवण घातल्यासारखी दिसणारी 'मादाम शेरो' १८४४ ची आहे. सूचीपत्रात तिच्यासाठी एखादी ओळ असे, आणि तेवढ्यावर भागतही असे, कारण वाण मोजके होते आणि विकणारे त्याहून मोजके.

पुढे १८८० नंतर तुर्कस्तान आणि भोवतालच्या प्रदेशातून उंच, मोठ्या फुलांचे आयरिस इंग्लंडमध्ये पोहोचले. केंब्रिजच्या एका शरीरक्रियाशास्त्रज्ञाने ते ओळखीपाळखीतून, पत्रे लिहून मागवले होते. युरोपातल्या जुन्या बागायती वाणांत २४ गुणसूत्रे, तर या पाहुण्यांतल्या बऱ्याच जणांत ४८. काश्मीरमधून गेलेला पांढरा आयरिसही याच काळात संकरात उतरला. गुणसूत्रांचा हिशेब तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता, पण फूल दुप्पट दिसते हे सगळ्यांना दिसत होते. पहिल्या महायुद्धापर्यंत नव्या नावांचा नुसता पाऊस पडला. एकाच झाडाला चार नावे आणि एकाच नावाखाली चार झाडे, असा गोंधळ झाला.

न्यू यॉर्कमध्ये १९२० साली आयरिसप्रेमींची जी संघटना उभी राहिली, तिचे पहिले मोठे काम हा गोंधळ निस्तरणे हेच होते. इंग्लंडमधली संघटना दोन वर्षांनी आली. अमेरिकेतल्या संघटनेने १९२९ मध्ये नावांची यादी काढली, १९३९ मध्ये तिची प्रचंड वाढवलेली आवृत्ती काढली, आणि तेव्हापासून दर दहा वर्षांनी एक जाडजूड खंड निघत राहिला. बागायती वाणांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय नियमावली १९५३ मध्ये आली. १९५५ मध्ये गड्ड्यांवर वाढणाऱ्या, म्हणजे कांदे नसलेल्या, सगळ्या आयरिसच्या जागतिक नोंदणीचा अधिकार याच अमेरिकी संघटनेकडे आला. कांद्यांवर येणाऱ्या आयरिसची नोंद नेदरलँड्समध्ये होते. आज ऑनलाइन कोशात दिसणारी बहुतेक माहिती या खंडांतून उतरलेली आहे, त्यामुळे त्यांचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

१९३९ च्या खंडात चित्र नाही. रंग सांगायला अक्षरे आणि आकडे आहेत: काही चिन्हे रंगगट आणि रंगाची मांडणी सांगतात, शेवटचे अक्षर रंग फिका, मध्यम की गडद ते सांगते. जुन्या वर्णनांत रंगांची जी विचित्र, लांबलचक नावे भेटतात, त्यांतली पुष्कळशी अमेरिकेतल्या एका पक्षिशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १,११५ रंगांच्या नमुना-पुस्तकातली आहेत. पक्ष्यांच्या पिसांसाठी केलेले रंगांचे कोष्टक फुलांच्या कामी आले. ते पुस्तक हाताशी नसेल तर वर्णन निम्मे मुके होते.

छायाचित्रांची देवाणघेवाण इंटरनेटच्या बरीच आधीची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर सभासदांमध्ये फिरत्या पत्रांची पाकिटे चालत. पाकीट आले की आपले जुने पत्र काढायचे, नवे घालायचे आणि पुढच्या पत्त्यावर धाडायचे. कोणता वाण कोणत्या थंडीत तगला, कोणाचे गड्डे सडले, कोणते परागकण रुजले, हे सगळे अशा पाकिटांतून फिरले. रंगीत स्लाइड आल्यावर त्यांचे संच तयार झाले आणि स्थानिक मंडळांना ते उसने मिळू लागले. एका अंधाऱ्या खोलीत, हिवाळ्यात, पडद्यावर फुले बघत पुढच्या हंगामाची खरेदी ठरे. या स्लाइडच्या चौकटीवर हाताने लिहिलेले नाव हीच त्या फुलाची ओळख असे. ते बरोबर आहे का, हे विचारायची पद्धत नव्हती.

मग डिजिटल कॅमेरा आला आणि गेल्या दीड-दोन दशकांत चित्र पार बदलले. नोंदणीचा संग्रह संगणकावर गेला. त्याच्या शेजारी एक खुला कोश उभा राहिला, ज्यात प्रत्येक वाणाला स्वतःचे पान असते आणि बागकाम करणारा कोणीही खाते उघडून आपल्या बागेतले छायाचित्र त्यावर चढवू शकतो. जुन्या वाणांचे जतन करणाऱ्यांची वेगळी संघटना १९८८ पासून होतीच, तिनेही आपली चित्रे आणि कोणाकडे कोणता वाण आहे याची माहिती खुली केली. सर्वसाधारण बागकामाच्या माहितीसंग्रहांतही आयरिसचा कप्पा फुगला. नोंदलेल्या नावांची संख्या आता पन्नास हजारांच्या कितीतरी पुढे गेली आहे. छापील खंडात हे सांभाळणे शक्य उरले नव्हते.

सगळ्यात मोठी सोय वंशावळीची झाली. नोंदीत बीजमाता आधी आणि परागपिता नंतर लिहितात. आईबापांपैकी एखादे नाव नसलेले रोप असेल, तर त्याचे आईबाप कंसात, त्यांचे पुन्हा कंसात. पाच-पाच कंसांची ती माळ वाचताना बोट ठेवून जावे लागे. आता प्रत्येक नावावर टिचकी मारली की ते फूल समोर येते आणि आजोबांची दाढी, म्हणजे खालच्या पाकळीवरची केसाळ पट्टी, नातवात कशी उतरली ते डोळ्यांनी दिसते. नवख्या पैदासकारासाठी याहून मोठी देणगी नाही असे मला वाटते.

पण याच सोयीतून एक वाद निघाला. बाकी सगळे प्रश्न त्याच्यापुढे किरकोळ आहेत, म्हणून त्यावर जरा थांबतो.

ज्या आयरिसचे नाव हरवले आहे त्याला या मंडळींत 'नॉइड' म्हणतात, म्हणजे ओळख नसलेले. जुन्या घराच्या अंगणात, स्मशानात, रस्त्याकडेला असे हजारो ताटवे आहेत. आयरिस सहज मरत नाही, पाटी मात्र दोन हिवाळ्यांत जाते. छायाचित्रांचा कोश खुला झाल्यावर लोकांनी साहजिकच उलटा प्रवास सुरू केला: आपल्या अंगणातले जांभळे फूल घ्यायचे, कोशातली जांभळी फुले बघत जायचे, एखादे जुळले की तेच नाव लावायचे. त्या नावाने गड्डे वाटायचे. आणि मग त्याच फुलाचे छायाचित्र, त्याच नावाखाली, कोशात चढवायचे. पुढचा माणूस आता या चित्राशी आपले फूल ताडून बघतो. एक चूक अशी स्वतःचाच पुरावा होऊन बसते.

जतन करणाऱ्यांनी यावर कडक भूमिका घेतली. केवळ चित्रावरून हरवलेले नाव परत देता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. ओळख पटवायची तर संशयित झाड आणि खात्रीचे झाड शेजारी-शेजारी लावा, काही हंगाम पाहा. पानांच्या बुडाशी जांभळी झाक आहे का? कळीभोवतीचे आवरण हिरवे आहे की कागदासारखे वाळलेले? दांडा कुठे फुटतो, कळ्या किती, दाढीचा रंग टोकाला बदलतो का, वास कसला, फुलायची वेळ कोणती? छायाचित्र बहुधा समोरून काढलेल्या एका फुलाचे असते. त्यात यांतल्या निम्म्या प्रश्नांना उत्तरच नसते. शिवाय खात्रीचे झाड मिळालेच नाही तर? तर नाव लावायचे नाही. झाड टोपणनावाने सांभाळायचे.

दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे. आजीच्या अंगणातले फूल, तिचे घर विकले गेले, दोन गड्डे वाचवले. त्या माणसाला नाव हवे असते आणि 'कायम अनोळखी' हे उत्तर त्याला अपमानासारखे वाटते. शिवाय सुरुवातीला चित्रांची संख्या वाढवणे हाच खुल्या कोशाचा उद्देश होता. प्रत्येक चित्रामागे खरेदीची पावती मागितली असती तर अर्धी पाने आजही रिकामी असती. हा युक्तिवाद खोटा नाही. तरी माझे मत पहिल्या बाजूला झुकते, कारण चुकीचे चित्र काढून टाकता येते, पण त्या चित्रावरून वाटले गेलेले गड्डे परत गोळा करता येत नाहीत. १८४० चा 'ऑनोराबिल' आणि १८५४ चा 'सां सुसी' ही जोडी बघा. पिवळ्यावर तांबूस, दोघेही बुटके, इतके सारखे की कित्येक संग्रहांत एकाची पाटी दुसऱ्याला लागलेली. हा गोंधळ कॅमेऱ्याच्या आधीचा आहे. त्यात प्रत्येक नव्या चित्राने भर पडते.

प्रामाणिक माणसाकडूनही चूक होते, हेही लक्षात घ्यायला हवे. रोपवाटिकेतून आलेला गड्डाच चुकीचा असतो. ताटव्यात बोंड पिकून बी गळते, त्याचे रोप मूळ झाडाच्या अंगावर वाढते, दोन-चार वर्षांत जुने झाड दबून जाते आणि पाटी तीच राहते. म्हणून छायाचित्राखाली गड्डा कोणाकडून आणि कधी आला, हे लिहिले पाहिजे. ही एक ओळ लिहायची सक्ती पहिल्यापासून असती तर बराच त्रास वाचला असता.

रंगाचे दुखणे वेगळेच आहे. निळी-जांभळी फुले जुन्या फिल्मवर गुलाबी उतरत. अशा पाकळ्या लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश भरपूर परावर्तित करतात आणि फिल्म तो टिपत असे. स्लाइडवरून स्कॅन केलेली चित्रे आज कोशात बसली आहेत, आणि बघणाऱ्याला ते फूल खरेच गुलाबी वाटते. त्यात उन्हाळ्याची भर: जांभळे रंगद्रव्य उष्णतेत फिके पडते, त्यामुळे एकाच झाडाचे थंड वसंतातले आणि तापलेल्या वसंतातले चित्र दोन वाणांसारखे दिसते. म्हणूनच पैदासकाराने नोंदणीच्या वेळी लिहिलेले शब्द अजूनही शेवटचा आधार मानले जातात. चित्र त्या शब्दांना मदत करते. चित्र आणि वर्णन जुळत नसेल, तर आधी चित्रावर शंका घेतात.

नोंदीतला एक शब्दही लोकांना सतत अडवतो. 'नोंदणी' आणि 'प्रसारण' या दोन वेगळ्या घटना आहेत. आपल्याकडे कृषी विद्यापीठांच्या भाताच्या किंवा ज्वारीच्या वाणांबाबत 'प्रसारित' हा शब्द ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे लवकर कळेल. नोंदणीने नाव राखून ठेवले जाते. प्रसारण म्हणजे सूचीपत्र किंवा जाहिरात छापून वाण प्रत्यक्ष विकायला काढणे. दोन्हींमध्ये वर्ष-दोन वर्षांचे अंतर सहज पडते, कधीकधी प्रसारण होतच नाही. पानावर मात्र दोन वर्षे शेजारी छापलेली असतात आणि वाचणारा त्यातले हाताला लागेल ते उचलतो. 'जुना वाण' म्हणजे किमान तीस वर्षांचा, हा जतन करणाऱ्यांचा निकष. तीस वर्षे कशापासून मोजायची, यावर मग वाद. प्रसारित न झालेल्या वाणांची पाने कोशात दिसली की लोक ते झाड कुठे मिळेल म्हणून शोधत बसतात, आणि ते कधी कोणाला विकलेच गेलेले नसते.

वनस्पतिशास्त्रातले बदलही याच पानांवर येऊन आदळतात. महाराष्ट्रातल्या बागांत केशरी पाकळ्यांवर लाल ठिपक्यांची जी बेलमकांडा दिसते, ती डीएनएच्या पुराव्यावरून २००५ मध्ये आयरिस वंशात घेतली गेली. दाढीवाले उंच आयरिस आपल्या उबदार हिवाळ्यात सहसा फुलत नाहीत, त्यामुळे मराठी बागकाम करणाऱ्याकडे कोशात चढवण्यासारखा आयरिस असेल तर तो बहुधा हाच. तिच्या आणि तिच्या एका नातलगाच्या संकरातून झालेली 'कँडी लिली' दोन वंशांचा संकर म्हणून नोंदली जात असे. आता ती आयरिसमधल्या आयरिसमध्येच झालेला संकर ठरते. माहितीसंग्रहात जुने नाव शोधले तरी झाड सापडले पाहिजे, म्हणून अशा पानांवर जुनी नावे राखावी लागतात.

सध्याचे काम मुख्यतः मागे जाण्याचे आहे. निवर्तलेल्या पैदासकारांच्या स्लाइड, रोपांच्या वह्या, बागेचे हाताने काढलेले नकाशे, रोपवाटिकेची बिले गोळा करून ती योग्य पानाला जोडायची. १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या असंख्य वाणांच्या पानावर आजही १९३९ च्या खंडातली ती अक्षरे-आकड्यांची ओळ आहे आणि चित्राची जागा रिकामी आहे. त्यातले काही वाण कुठल्यातरी स्मशानाच्या कुंपणाशी दर वसंतात फुलत असतीलच. जतन करणाऱ्यांच्या वाफ्यात त्यांतले काही पोहोचलेलेही असतील. तिथे त्यांच्या पाटीवर ज्या गावात सापडले त्या गावाचे नाव आणि ते वर्ष एवढेच लिहिलेले असते.