तीव्र उतार गिअरवर उतरा, ब्रेकवर नाही

"उतारावर ब्रेकचं पेडल खाली गेलं, जळका वास आला, आता मात्र सगळं ठीक आहे" ही तक्रार आमच्या गॅरेजमध्ये सारखी येते. गाडी येईपर्यंत थंड झालेली असते. पेडल घट्ट लागतं, गळती दिसत नाही, आणि चारही चाकं उघडून दोष शोधण्यात तुमचा आणि आमचा दिवस जातो. बहुतेक वेळा पार्ट खराब नसतो. उतार हाय रेंजमध्ये (रोजच्या रस्त्यावरच्या वेगासाठीची रेंज), दुसऱ्या गिअरवर, ब्रेक दाबून धरत उतरलेला असतो.

"पण फोर-बाय-फोर टाकलं होतं!" टाकलं होतं ते फोर-एच, म्हणजे हाय रेंजमधलं फोर-बाय-फोर. त्याने ताकद चारही चाकांना जाते, पण उतारावर गाडी धरून ठेवायला ते पुरत नाही. ते काम फोर-एलचं, म्हणजे कमी वेग आणि जास्त ताकद देणाऱ्या लो रेंजचं. समजा पहिल्या गिअरचा रेशो ४, डिफरन्शियलचा ४ आणि लो रेंजचा २.५ आहे. म्हणजे इंजिनाच्या ४ × ४ × २.५ = ४० फेऱ्यांत चाकाचा एक फेरा. इंजिन ८०० आरपीएमवर नुसतं आयडल चालू असेल तर चाक मिनिटाला २० फेरे घेतं. टायरचा घेर सव्वादोन मीटर धरला तर वेग ताशी पावणेतीन किलोमीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. तीच गाडी हाय रेंजच्या दुसऱ्या गिअरमध्ये त्याच आयडलला ताशी १२ किलोमीटरच्या आसपास पळते. मधला फरक ब्रेक खातात.

फोर-एल टाकायचं ते वर, सपाटीवर. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबा, गिअर न्यूट्रल करा, मग लिव्हर किंवा नॉब फिरवा. डॅशबोर्डवरचा फोर-एलचा दिवा लुकलुकतोय तोवर फोर-एल लागलेलं नाही. दात जुळत नसतील तर गाडी हातभर पुढे-मागे घ्या, लिव्हरवर जोर करू नका. ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी आणि रेंज बदलणारी पेटी) मध्येच न्यूट्रलमध्ये राहिली तर चाकांचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो. पहिला गिअर असो की ऑटोमॅटिकचा 'पी', गाडी कशानेच थांबत नाही. म्हणून दिवा स्थिर होईपर्यंत हँडब्रेक ओढलेला आणि पाय ब्रेकवर हवाच.

मग पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा आणि डावा पाय बाजूला ठेवा. वेग वाढतोय असं वाटलं की पाय आपोआप क्लचवर जातो. नेमकं तेच करायचं नाही. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते आणि गाडी मोकळी धावते. उतारावर गिअरही बदलू नका. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर 'डी'त न ठेवता 'एल' किंवा १ वर घ्या. टॉर्क कन्व्हर्टरमुळे (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेली ऑइलची जोडणी) पकड थोडी सैल असते, तेवढा ब्रेक हलक्या पायाने द्या. हिल डिसेंट कंट्रोलचं (उतारावर वेग आपोआप आवरणारी सोय) बटण असेल तर जरूर वापरा, पण तेही ब्रेकच लावतं आणि लांब उतारावर तेही ब्रेक तापवतं. फोर-एल आणि पहिला गिअर त्याच्यासोबत हवेतच.

गाडी उताराच्या सरळ रेषेत ठेवा. आडवी वळवली की कलंडण्याचा धोका असतो, आणि कॅरिअरवर सामान असेल तर आणखीच. मुरूम, खडी किंवा चिखलात मागची बाजू सरकू लागली तर ब्रेकवरचा पाय उचला, पुढची चाकं उताराच्या दिशेला करा आणि किंचित रेस द्या. मन याला तयार होत नाही, पण जाम झालेलं चाक वळत नाही. फिरणारं चाकच गाडी सरळ करतं. हँडब्रेक तर मुळीच ओढू नका. इंजिन बंद पडलं तर ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा. पंप केलात तर बूस्टरमधला (पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारा भाग) उरलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो.

"फक्त पॅड बदलून द्या," असं सांगितल्यावर आम्ही ब्रेक ऑइल तपासण्याचा आग्रह धरतो, तो बिल वाढवायला नाही. पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल तर पॅड तापलेत. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ऑइल उकळलंय, आणि तिथे नवे पॅड काही करू शकत नाहीत. डॉट-३, डॉट-४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. नव्या डॉट-३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. उकळलेल्या ऑइलची वाफ दाबली जाते, पेडल पोकळ लागतं. थंड झालं की वाफ विरते आणि सगळं 'ठीक' दिसतं. म्हणून २ वर्षांनी ऑइल बदलाच. उतार संपल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी टाकू नका, थोडं अंतर सावकाश चालवून त्या थंड होऊ द्या.

सहलीआधी दोन-तीन दिवस गाडी आणलीत तर ऑइलमधला ओलावा, पॅडची जाडी आणि ट्रान्स्फर केसचं ऑइल आम्ही तपासून देतो, फोर-एल तुमच्या समोर लावून दाखवतो. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर फोर-एल लावत जा म्हणजे जोडणी अडकत नाही. पार्ट-टाइम सिस्टीमच्या गाडीत (जिथे फोर-बाय-फोर गरजेपुरतंच लावायचं असतं) कोरड्या डांबरावर मात्र नको. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू शकत नाहीत आणि ताण ट्रान्स्फर केसवर येतो.

तक्रार घेऊन येताना तीन गोष्टी सांगा: रेंज कोणती होती, गिअर कोणता होता, पेडल मऊ झालं होतं की कडक. आणि चाकं धुऊन आणू नका. डिस्कवरचे निळसर डाग आणि कॅलिपरजवळची (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काजळी पाहून आमचं निम्मं काम होतं.