वाळवंट ओलांडून येणारा गारठा

23 जानेवारी 2022, रविवार. सकाळी खाली उतरून स्कूटरच्या सीटवरून हात फिरवला, तर तळव्याला गव्हाच्या पिठासारखी मऊ, फिकट धूळ लागली. आपल्या रस्त्यावरची धूळ अशी नसते. ती खरखरीत असते, काळपट असते. ही मात्र बोटांच्या रेषांत जाऊन बसली आणि पाण्याशिवाय निघेना. तुळशीच्या पानांवर तोच थर, गॅलरीच्या कठड्यावरही तोच. आकाश दुधट होतं, ऊन असून नसल्यासारखं, वारा सुटलेला आणि दुपारीही स्वेटर काढवत नव्हता. संध्याकाळपर्यंत बातम्या आल्या की पाकिस्तानातून, कराचीच्या बाजूने उठलेलं धुळीचं वादळ सौराष्ट्रावरून समुद्र ओलांडून मुंबई-पुण्यापर्यंत पोचलं आहे.

त्या दिवशी बहुतेकांना हा एक विचित्र योगायोग वाटला. तो योगायोग नव्हता. वाळवंटावरून जाणारी वाऱ्याची, गार हवेची वादळं ही फार जुनी आणि ठरलेल्या वाटेने फिरणारी गोष्ट आहे. एरवी तिचा शेपटाचा फटका राजस्थान-गुजरातपर्यंत जाणवून विरतो. त्या वेळी तो सह्याद्री चढून आला, इतकंच. आणि ही वाट माणसाला कशी उलगडत गेली, त्यातला मोठा भाग आपल्या शिवाजीनगर-पाषाणात घडला आहे. पुण्यात राहून आपल्याला नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस तेवढा पाठ असतो, वायव्येकडे आपण क्वचितच बघतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहावंसं वाटलं.

सुरुवात करावी ती एकोणिसाव्या शतकातल्या लाहोरपासून. तिथे बॅडली नावाचा लष्करी डॉक्टर होता. उन्हाळ्यात उठणाऱ्या वावटळींनी आणि धुळीच्या वादळांनी त्याला झपाटलं होतं. 1847 पासून तो ती निरखत होता. त्याने घराच्या छपरावर बांबू उभारला, त्याला तांब्याची तार बांधली, तार खोलीत आणून सोन्याच्या वर्खाच्या विद्युतदर्शकाला जोडली आणि शेजारी जमिनीला जोडलेली दुसरी तार ठेवली. धुळीचं वादळ डोक्यावरून जाऊ लागलं तशा एका तारेतून दुसरीत ठिणग्या उडू लागल्या. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की ही वादळं विजेमुळेच होतात. 1860 मध्ये त्याने यावर पुस्तकही काढलं. निष्कर्ष उलटा होता, कारण धुळीचे कण एकमेकांवर घासून वीज निर्माण होते, विजेने वादळ होत नाही. पण निरीक्षण सच्चं होतं. आपलं अंगण सोडून वादळ कुठून आलं हे पाहायला मात्र त्याच्याकडे काहीच साधन नव्हतं. एका छपरावरून वादळाचा पोटाचा भाग दिसतो, त्याचं शरीर दिसत नाही.

ते शरीर दाखवलं तारायंत्राने. 1864 मध्ये कराचीपासून इराणच्या आखातातून बुशहरमार्गे आजच्या इराकमधल्या फाओपर्यंत समुद्रतळाशी तार टाकली गेली. हेतू लंडनशी बोलण्याचा होता, पण त्या वाटेवरच्या ठाण्यांतून हवेच्या दाबाचे, वाऱ्याचे आकडेही येऊ शकत होते. 1864 च्याच कलकत्त्याच्या भीषण चक्रीवादळानंतर आणि पुढच्या दुष्काळांनंतर 1875 मध्ये हवामान खातं उभं राहिलं, हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख. रोजचे आकडे नकाशावर मांडले जाऊ लागले तसं एक गोष्ट लक्षात येऊ लागली. थंडीच्या दिवसांत पंजाबात पाऊस पडण्याआधी कमी दाबाचा एक पट्टा इराण, बलुचिस्तान असा सरकत येतो. पश्चिमेकडून येतो म्हणून पुढे त्याचं नावही तसंच पडलं. आज मराठी बातम्यांत आपण ‘पश्चिमी चक्रावात’ किंवा ‘पश्चिमी झंझावात’ वाचतो तो हाच. राजस्थानात याच पावसाला ‘मावठ’ म्हणतात आणि गव्हा-मोहरीसाठी त्याची वाट पाहतात. एकाच वादळाचं एका गावात स्वागत होतं, दुसऱ्या गावात त्याने डोळे चोळावे लागतात.

खात्याचं मुख्यालय आधी कलकत्त्यात, मग सिमल्याला आणि 1928 मध्ये पुण्याला आलं. शिवाजीनगरची ती जुनी इमारत ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते ती यामुळेच. रोज त्या चौकातून बस बदलणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे. 1944 मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण देशभरच्या हवामानाच्या जुन्या नोंदींचा साठा पुण्यातच राहिला.

याच काळात युरोपात हवामानशास्त्राने कूस बदलली होती. पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतल्या बर्गेन शहरात ब्यर्कनेस पितापुत्रांनी मांडलं की वादळ म्हणजे दोन हवांची झुंज. उबदार आणि थंड हवेच्या सीमेवर ते जन्मते. या सीमेला त्यांनी युद्धातलाच ‘फ्रंट’ शब्द दिला. आपल्याकडच्या अंदाजकारांनी ही कल्पना पश्चिमी चक्रावातांना लावून पाहिली, पण ती पुरती बसेना. जमिनीवरच्या नकाशात तशी ठसठशीत सीमा पुष्कळदा सापडतच नसे. कारण खरा खेळ जमिनीवर नव्हताच, तो दहा-बारा किलोमीटर उंचीवर होता. दुसऱ्या महायुद्धात जपानवर झेपावणाऱ्या बॉम्बर विमानांना त्या उंचीवर पश्चिमेकडून येणाऱ्या प्रचंड वेगवान वाऱ्याने अडवलं, तेव्हा ‘जेट स्ट्रीम’ सर्वांना कळली. आपल्याकडेही फुग्यांना यंत्रं बांधून वरच्या हवेची मापं घेणं वाढत गेलं, आणि हिवाळ्यात उत्तर भारतावरून हाच प्रवाह वाहतो हे स्पष्ट झालं.

1956 हे या गोष्टीतलं मोठं वर्ष. त्या वर्षी पी. आर. पिशारोटी आणि बी. एन. देसाई यांनी पश्चिमी चक्रावात आणि भारताचं हवामान यांची सांगड घालणारा निबंध लिहिला. त्याच वर्षी सी. रामस्वामी यांनी जेट स्ट्रीम आणि आपल्याकडची गडगडाटी वादळं यांचा संबंध दाखवला. पुढे 1962 मध्ये पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था निघाली. पाषाणला आज असलेली तीच ही संस्था, आणि तिचे पहिले संचालक होते पिशारोटी.

आता हे वादळ वाळवंटात नेमकं करतं काय? जेट स्ट्रीम सरळ वाहत नाही, नदीसारखी वळणं घेते. एखादं वळण दक्षिणेकडे खोल उतरलं की त्याच्या पोटात उत्तरेची थंड हवा येते आणि खाली जमिनीवर कमी दाब तयार होतो. सिंध-राजस्थानावर असा दुय्यम कमी दाब पुष्कळदा दिसतो. त्याच्या पुढच्या बाजूला दक्षिणेकडचा उबदार वारा, मागच्या बाजूला वायव्येचा थंड, जोरदार वारा. दुपारी तापलेल्या जमिनीमुळे हवा वरखाली घुसळते आणि वरचा वेगवान वारा खाली ओढला जातो. खाली झाड नाही, गवत नाही, ओल नाही. पण बारीक धूळ थेट वाऱ्याने उचलली जात नाही, ती जमिनीला चिकटून असते. आधी वाळूचे जाड कण टुणटुण उड्या मारू लागतात आणि पडताना ते बारीक धूळ उडवून देतात. लिबियाच्या वाळवंटात भटकलेल्या राल्फ बॅग्नोल्ड या लष्करी इंजिनिअरने हे 1941 पर्यंत बारकाईने मांडलं. वाळू लगेच खाली बसते. पीठासारखी धूळ मात्र दिवसेंदिवस तरंगते, आणि तीच माझ्या स्कूटरवर आली.

उत्तरेतली उन्हाळी ‘आंधी’ ही याहून वेगळी, हे इथेच सांगायला हवं, कारण बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते. आंधीमागे गडगडाटी ढग असतो. त्यातून थंड हवा धप्पकन खाली आदळते, जमिनीवर पसरते आणि धुळीची भिंत पुढे ढकलते. अर्ध्या-पाऊण तासाचा मामला, पण जीवघेणा. 2018 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला उत्तर प्रदेश-राजस्थानात अशाच वादळांनी एका रात्रीत शंभराहून अधिक बळी घेतले. चक्रावाताची धूळ दिवस-दोन दिवस सलग वाहते. अर्थात त्या ढगांना चेतवायला वरून जाणारा चक्रावात पुष्कळदा कारण ठरतो, त्यामुळे दोघांचं नातं आहेच.

फाल्गुन-चैत्रात हे सगळं शिगेला का पोचतं? जमीन तापायला लागलेली असते, पण जेट स्ट्रीम अजून उत्तरेला सरकलेली नसते. खाली उन्हाळा आणि वर हिवाळा, अशी ती दोन महिन्यांची गाठ असते. मे-जूनमध्ये जेट हिमालयापलीकडे जाते आणि मोसमी पावसाला दार उघडतं. हीच गाठ जगभरच्या वाळवंटांत दिसते. इजिप्तमध्ये वसंतात येणाऱ्या अशा वाऱ्याला ‘खमसीन’ म्हणतात, अरबीत त्याचा अर्थ पन्नास, म्हणजे साधारण पन्नास दिवसांचा हंगाम. आधी भाजणारा वारा आणि मागून अचानक गार हवा. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला मोहावे वाळवंटात पॅसिफिकवरून येणारी वादळं हाच क्रम पाळतात. आणि 16 एप्रिल 2024 चा दुबईचा पूर तर पुण्यातल्या कितीतरी घरांनी व्हिडिओ कॉलवर पाहिला. तेही जेटच्या अशाच खोल वळणाचं काम होतं. अमिरातीत 1949 पासूनच्या नोंदींतला तो सर्वाधिक पाऊस, अल ऐनजवळ एका ठिकाणी 254 मिलिमीटरहून जास्त. कृत्रिम पावसाच्या अफवा पुष्कळ उठल्या, पण एवढ्या पावसाला कारण म्हणून ते वळण आणि समुद्रावरचं बाष्प पुरेसं होतं.

महाराष्ट्राला या वाटेची खरी झळ धुळीने नाही, गारांनी बसते. 2014 च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ-मराठवाड्यात दिवसामागून दिवस गारपीट झाली. वर थंड हवा दक्षिणेपर्यंत उतरलेली, खाली दोन्ही समुद्रांकडून आलेलं बाष्प. काढणीला आलेला गहू, हरभरा झोपला, द्राक्ष-डाळिंबाच्या बागा झडल्या. त्यानंतर गावोगावच्या लोकांच्या तोंडी ‘पश्चिमी चक्रावात’ हा शब्द बसला. मार्चमध्ये तासगावकडे बेदाण्याची शेडं भरलेली असतात, जाळीवर द्राक्षं वाळत असतात. फोनवर वेधशाळेचा इशारा आला की तिथली माणसं राजस्थानवरचा ढगांचा पट्टा उपग्रहाच्या चित्रात मोठा करून बघतात, आणि संध्याकाळच्या आत शेडच्या बाजूंचे प्लास्टिक कागद खाली सोडायला घेतात.