मराठवाड्याचे हवामान

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचे हवामान उष्ण व बहुतांशी कोरडे आहे. वर्षाच्या पावसापैकी सुमारे चार-पंचमांश जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. अरबी समुद्रावरचे वारे घाटमाथ्यावरच बरेचसे रिते होतात. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकले, तर त्यांचा लाभ आधी नांदेड-हिंगोलीला मिळतो. म्हणून येथे पाऊस पूर्वेकडे वाढत जातो. बीडमधील आष्टी-पाटोद्याकडचा माळ कायम टंचाईचा, तर किनवट-माहूरला सागाची जंगले.

वार्षिक सरासरीवरून मात्र येथील वर्ष कसे गेले ते कळत नाही. पाऊस किती पडला यापेक्षा कधी पडला, हे महत्त्वाचे. शेतकरीही तो नक्षत्रांनीच मोजतो. मृगात पुरेशी ओल होऊन वाफसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी झाली, की सोयाबीन, कापूस, तुरीची पेरणी होते. उगवणीच्या वेळी खंड पडला तर दुबार पेरणी. ऑगस्टमध्ये असा खंड पडला तर मुरमाड रानातले पीक आधी माना टाकते, काळ्या रानातले आणखी काही दिवस तग धरते. ‘न पडतील मघा तर वरती बघा’ ही म्हण याच दिवसांची.

सप्टेंबरचा आणि परतीचा पाऊस दुधारी असतो. त्यावर रब्बी ज्वारी येते, तलाव भरतात. पण झड लागली तर काढणीला आलेल्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटतात. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा धरण भरले. पैठणच्या नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचे, गणित आणखी वेगळे: त्याचे पाणी मुख्यतः नाशिक-अहिल्यानगरकडील पावसावर अवलंबून असते.

हिवाळा कोरडा. निरभ्र रात्री पारा झपाट्याने उतरतो आणि परभणी अनेकदा राज्यातील सर्वांत थंड ठिकाणांत गणली जाते. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला येळवस हा शेतातला सण होतो, तेव्हा आंबील-भज्जीच्या पंगती हिरव्या ज्वारीतच बसतात.

मार्चपासून ऊन चढते. मे महिन्यात कमाल तापमान 40 अंशांपलीकडे जाते, काळ्या जमिनीला भेगा पडतात. याच काळात दुपारनंतर ढग दाटून वळीव येतो, कधी गाराही पडतात. फेब्रुवारी-मार्च 2014 मधील गारपिटीने काढणीला आलेली रब्बी पिके आणि फळबागा झोडपून काढल्या.