एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही

एमसीबी म्हणजे मिनिएचर सर्किट ब्रेकर, जास्त करंट वाहिला की आपोआप पडून वीज तोडणारा खटका. बदलून टाकलेला असा एक जुना एमसीबी मी मागच्या महिन्यात उघडून पाहिला. त्याचे रिवेट ड्रिलने काढावे लागतात, मग कवच दोन भागांत सुटतं. मुठीत मावणाऱ्या त्या डबीत तीन गोष्टी लगेच नजरेत भरतात: एक चपटी धातूची पट्टी, जाड तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि पातळ लोखंडी पत्र्यांची थोडं थोडं अंतर ठेवून रचलेली चळत.

पट्टी एकच दिसते, पण ती दोन वेगळ्या धातूंचे थर घट्ट जोडून केलेली असते. तापली की एक थर जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, आणि पट्टी वाकते. गिझर, इस्त्री आणि ओव्हन एकाच लाईनवर चालू राहिले की ती हळूहळू वाकत जाते आणि शेवटी खटका पाडते. हे काम सावकाश होतं. १६ अँपिअरच्या एमसीबीतून १८ अँपिअर वाहिले तरी तो तासभर तग धरतो. २३ च्या पुढे गेले तर तासाभरात पडायलाच हवा, आणि ४१ च्या आसपास गेले तर मिनिटभरात. ही सवलत मुद्दाम दिलेली आहे, कारण भिंतीतली वायरसुद्धा एका क्षणात तापत नाही. पट्टी एका अर्थी त्या वायरचीच नक्कल करत असते.

शॉर्टसर्किट झालं तर मात्र एवढा वेळ नसतो. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी) थेट भिडले की शेकडो, कधी हजारो अँपिअर धावतात. तिथे वेटोळं कामाला येतं. एवढ्या प्रवाहाने ते जोरदार चुंबक बनतं, आतला लोखंडी दांडा खेचला जातो आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास संपर्क तुटतो. एमसीबीवर ‘सी १६’ असं लिहिलेलं असतं, त्यातल्या ‘सी’चा अर्थ असा की हे चुंबक १६ च्या ५ ते १० पट प्रवाहाला झटका देईल. पंपाची किंवा फ्रिजची मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढते, तेवढ्याने खटका पडू नये म्हणून हा हिशेब.

मला सगळ्यात आवडली ती पत्र्यांची चळत. संपर्क तुटला तरी वीज लगेच थांबत नाही. मधल्या हवेतून हजारो अंश तापमानाची ठिणगी पेटती राहते, वेल्डिंगला दिसते तशी. ती या पत्र्यांमध्ये ढकलली जाते, तिचे लहान लहान तुकडे होतात, थंड होतात आणि विझतात. दर्शनी भागावर चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा छापलेला असतो. तेवढ्या अँपिअरचा शॉर्ट तोडण्याची त्या एमसीबीची ताकद, असा त्याचा अर्थ. पट्टी आणि चुंबक एकत्र बसवलेल्या अशा खटक्याचं पेटंट जर्मनीतल्या मानहाइमच्या ह्यूगो स्टोट्झ यांनी १९२४ साली घेतलं. त्याआधी, आणि आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षं, फ्यूजच होता. किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूज वायर बसवायच्या चिनीमातीच्या खाचेत, फ्यूज वायरऐवजी साध्या वायरचे दोन-तीन तांब्याचे धागे पिळून बसवताना मी लहानपणी घरोघरी पाहिलं आहे. लाईट यायची, पण त्या घराचं संरक्षण तिथेच संपायचं. वारंवार पडतो म्हणून, वायर तीच ठेवून, १६ चा एमसीबी काढून ३२ चा बसवणं हा तोच प्रकार आहे. आता खटक्याआधी वायर तापेल, आणि तीही भिंतीच्या आत, कुणाला न दिसता.

पण एमसीबी कितीही चांगला असला तरी शॉक बसणाऱ्या माणसाची त्याला खबर लागत नाही. ओल्या हाताच्या माणसाच्या शरीराचा रोध १००० ओहम धरू. २३० व्होल्टला त्याच्यातून ०.२३ अँपिअर जातील. ५० वॅटच्या बल्बला साधारण एवढेच लागतात. एमसीबीच्या लेखी तो माणूस म्हणजे लावलेला एक दिवा. जीव जायला एवढा प्रवाह पुरेसा असतो. पावसाळ्यात कपडे वाळत घालायच्या तारेत करंट उतरून माणसं जातात, तेव्हा बऱ्याचदा एमसीबी जागचा हललेलाही नसतो.

त्यासाठी दुसरा खटका लागतो, आरसीसीबी. वायरमन त्याला अजून जुन्या सवयीने ईएलसीबीच म्हणतात. त्याच्या आत एक चुंबकीय कडं असतं आणि फेज, न्यूट्रल दोन्ही त्यातून जातात. गेलेला करंट पूर्ण परत आला तर दोघांचा परिणाम एकमेकांना खोडतो. काही भाग गिझरच्या पत्र्यातून किंवा कुणाच्या अंगातून जमिनीत गेला तर हिशेब जुळत नाही, कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि खटका पडतो. घरासाठी ही मर्यादा ३० मिलिअँपिअर असते, म्हणजे अँपिअरचे फक्त तीन शतांश. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या चार्ल्स डालझील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून पाहिलं होतं की किती करंटपर्यंत माणूस धरलेली तार स्वतः सोडू शकतो. पुरुषांची सरासरी आली १६ मिलिअँपिअर, बायकांची साडेदहा. म्हणजे ३० वर झटका बसतोच, हातही चिकटू शकतो, पण हृदयाची लय बिघडण्याआधी वीज तुटलेली असते.

यालाही मर्यादा आहेत. एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर हिशेब बरोबर जुळतो आणि खटका पडत नाही. आणि अर्थिंग नसेल तर गिझरमधली करंटची गळती कुणीतरी हात लावेपर्यंत कळतच नाही. नीट अर्थिंग असेल तर नळाजवळ कुणी जायच्या आधीच खटका पडतो. म्हणून आरसीसीबी आहे, मग अर्थिंग कशाला, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की आतल्या आत मुद्दाम थोडी गळती घडवली जाते. दिवाळीत आईकडे गेलो तेव्हा डीबीचं, म्हणजे सगळे खटके बसवलेल्या पेटीचं, झाकण उघडून मी ते दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं, दिवे तसेच. किती वर्षं तो नुसता शोभेला होता, कोण जाणे. आई म्हणाली, “अरे, त्याला आजवर कुणी हातच लावला नाही.” दुसऱ्या दिवशी वायरमनकडून नवा बसवून घेतला आणि बटण तिलाच दाबायला लावलं. खाडकन आवाज झाला, पंखा मंदावला, फ्रिजची घरघर थांबली. आता दर महिन्याला वीजबिल आलं की ती बटण दाबते आणि मला फोन करून सांगते, “पडला रे.”